तिथी बघा, मग खोली ठरवा

प्रश्न : आम्ही पुण्याहून चौघं येणार आहोत. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 71, गुडघे दुखतात). शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री घरी. हर्णै, मुरुड, कर्दे, आंजर्ले, आसूद, वेळास आणि दाभोळ एवढं बसेल का? मुलाला सुवर्णदुर्ग आणि मासळीचा लिलाव बघायचाच आहे. त्या शनिवारी पौर्णिमा आहे, त्यामुळे समुद्रावर चांदणंही मिळेल.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, या यादीत समुद्र कमी आणि गाडीच जास्त होईल. दापोलीजवळचं हर्णै माझं माहेर. तिथल्या माणसालाही दोन दिवसांत हे सगळं जमणार नाही. वेळास आणि दाभोळ आताच खोडा. कर्दे-मुरुडला सकाळी चालायला जा, तेवढं पुरे. शुक्रवारी रात्रीही निघू नका. ताम्हिणीची वळणं अंधारात आणि झोपाळलेल्या ड्रायव्हरबरोबर कशाला? शनिवारी पहाटे पाचला निघा.

पौर्णिमेचं तुम्ही चांदण्यासाठी लिहिलंत, पण बंदरावर तिथी पाण्यासाठी बघतात. आमचे बाबा घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगायचे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण सहल आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त.

सुवर्णदुर्ग समुद्रात आहे, होडीनेच जावं लागतं, म्हणून हा किल्ला रविवारी सकाळी करा. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, ती बाराच्या सुमारास येते, तेव्हा दहाला होडीत बसून बाराच्या आत परत या. माझ्या नणंदेने अशाच उधाणाच्या दिवशी दुपारी दोनला जायचा हट्ट केला होता. येताना होडी किनाऱ्यापासून लांबच थांबली आणि ती साडी गुडघ्यावर धरून चिखलातून चालत आली. अजूनही मलाच बोल लावते. लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वारा बघून नाही म्हणाला तर वाद घालू नका. महाद्वाराच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती मुलाला शोधू द्या. आत झाडी माजलेली आहे, बूट घाला. मुलाला सांगायला एक गोष्टही आहे. हा किल्ला 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या मोहिमेत इंग्रज पेशव्यांच्या बाजूने होते. किनाऱ्यावर समोर गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड आहेत. फत्तेगड शोधत फिरू नका, तिथे आता घरं आहेत.

सासूबाईंना होडीत बसवू नका. चढताना-उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो. त्यांना शनिवारी दुपारी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, गाडी देवळाजवळ जाते. आसूदचा केशवराज मला फार आवडतो. पोफळींच्या सावलीतून वाट, खाली ओढा, देवळापाशी गोमुख. पण पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा या खेपेला नको.

लिलावाला शनिवारी चारनंतर या. पौर्णिमेमुळे तेव्हा पाणी मागे गेलेलं असेल, आणि तेच बघण्यासारखं असतं. होड्या लांब उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात. मुलाचा हात सोडू नका, बैलाला वाट लागते. मोठ्या बोलीत तुम्ही पडू नका, तिथे व्यापारी टोपल्याच्या टोपल्या उचलतात. बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्या. माशाच्या डोक्याजवळचा कल्ला उघडून आत लाल आहे ना बघा, मगच भाव विचारा. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मात्र घेऊ नका. पौर्णिमेची कुर्ली पोकळ असते असं आमच्याकडे म्हणतात, आणि मी दोनदा फसून ते मान्य केलं आहे. खोली घेतानाच विचारून ठेवा की आणलेली मासळी शिजवून देतील का. सगळेच देत नाहीत.

उधाणाच्या ओहोटीत मुलाला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. मागे जाणारं पाणी पायाखालची वाळू घेऊन जातं, मोठ्या माणसाचाही तोल जातो.

रविवारी जेवून दोनला निघा. जुन्या चपलांचा एक जोड वेगळ्या पिशवीत आणा, लिलावात घातलेल्या चपला परतीला गाडीत घेता येत नाहीत. आणि भाव करायला सासूबाईंना पुढे करा. तुम्ही तोंड उघडलंत की पुणं कळतं.