एकविसाव्या वर्षी थांबायचं नाही

बाय गो,

पत्र मिळालं. "आबा म्हणतात, एकविसापर्यंत काय ते पळून घे, मग स्थळं बघायची," असं तू अगदी सहज लिहून टाकलंस. मला ते सहज वाचता आलं नाही. आठशे मीटर पळणारी मुलगी एकविसाव्या वर्षी कुठे घडायला लागलेली असते. तुझं खरं पळणं पंचविशीत दिसेल, आणि तोवर तुला मैदानावर टिकवायचं आहे. बाकी सगळं त्यानंतर.

ललिता बाबरचं बघ. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, दुष्काळी मोही गावची. आधी खो-खो खेळली, मग लांब पल्ल्याचं पळू लागली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, नाव झालं ते त्यानंतर. २०१६ला रिओत ती अंतिम फेरीत पळाली तेव्हा २७ वर्षांची होती. १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. मधली ३२ वर्षं कोरडी गेली! पुढे ती राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाली, हेही आबांच्या कानावर घाल. त्यांना खरी काळजी पोटापाण्याची आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून एकेक प्रमाणपत्र जपून ठेव.

लग्न आणि मूल झालं की बाईचं पळणं संपतं, हे तर मला मुळीच पटत नाही. जमैकाची शेली-अॅन फ्रेझर-प्राइस २०१७ला सिझेरियनने बाळंत झाली. २०१९ला दोह्यात १०.७१ सेकंदांत शंभर मीटरची जगज्जेती झाली आणि २०२२ला, ३५व्या वर्षी, १०.६७मध्ये पुन्हा. केनियाची फेथ किपयेगॉन २०१८ला आई झाली; त्यानंतर टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरचं सुवर्ण तिचंच. त्यांच्यामागे प्रशिक्षक, फिजिओ, घरची माणसं उभी होती आणि आपल्याकडे ती उभी करावी लागतात, हे मला ठाऊक आहे. पण दोष शरीराचा नसतो, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीने मला झोप लागली नाही तिच्याकडे येते. "तीन महिने पाळी आली नाही, एका अर्थी बरंच झालं, सरावाला त्रास नाही." बाय, ते बरं नाही. तू जेवढं जाळतेस तेवढं खात नाहीस, म्हणून शरीराने एकेक काम बंद करायला घेतलंय. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक कमी होतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. कोवळ्या वयात हाडांत जी भर पडायची ती राहून गेली, तर नंतर ती भरून काढणं फार अवघड. ऑलिंपिक समितीने २०१४ला या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं, पण मुली त्याच्या कितीतरी आधीपासून अशा मोडत आल्यात. वजन उतरतं, सुरुवातीला वेळही सुधारते, सगळे पाठ थोपटतात आणि मग नडगीचं हाड तडकतं.

आज रात्री नडगीवरून अंगठा दाबत खाली ने. सगळीकडे हलकं दुखलं तर सराव कमी करून बघू. पण हाडावर एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी कळ आली, तर दुसऱ्या दिवशी पळायचं नाही; थेट हाडांच्या डॉक्टरकडे. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर पळतेस ते छान, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने पळालीस तर एक पाय कायम खाली पडतो. जेवढं जाशील तेवढंच परत ये.

आणि सकाळची नुसती पेज बंद कर. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये उषाला ४०० मीटर हर्डल्सचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तिथे भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढावे लागले, शेवटच्या टप्प्यात अंगात ताकद उरली नाही, असं तिनेच पुढे सांगितलं. तिचे ते ५५.४२ सेकंद गाठायला भारताच्या दुसऱ्या मुलीला, विद्या रामराजला, २०२३ उजाडलं. तुझ्या घरात बांगडा आहे, तारली आहे, कुळीथ, नाचणी, अंडी आहेत. ते खा, पोटभर खा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जिममधल्या कुणी डब्यातली पावडर दिली तर हात लावू नकोस. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर जबाबदार तूच. देणारा हात झटकून मोकळा होतो.

पुढे कंपन्या दारात येतील तेव्हा कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. अमेरिकेच्या अॅलिसन फेलिक्ससारख्या धावपटूलाही बाळंतपणानंतर पैसे कापणारा करार पुढे केला गेला होता. २०१९ला ती जाहीरपणे बोलली आणि कंपनीला नियम बदलावे लागले. टोकियोत ती स्वतःच्या कंपनीचे बूट घालून पळाली आणि ११वं ऑलिंपिक पदक घेऊन आली.

पुण्याच्या हॉस्टेलचा अर्ज भर, पण आधी बाईडॉक्टरांना भेट. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. रिपोर्ट लपवू नकोस, आईला दाखव.

रविवारी दुपारी मी घरी येतेय. आबांना म्हणावं, बाई बोलायला येणार आहेत, कुठे जाऊ नका.

तुझ्या बाई