इतिवृत्तातला 'सर्वानुमते'

चि. लेकी,
आशीर्वाद.

तू पाठवलेलं तुमच्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त काल रात्री दोनदा वाचलं. भाषा स्वच्छ, ठराव क्रमाने. एआयने दहा मिनिटांत लिहून दिलं म्हणालीस, त्याचं कौतुकच वाटलं. पण सोयाबीन विक्रीच्या ठरावापुढे 'सर्वानुमते मंजूर' दिसलं आणि मी तुझं रेकॉर्डिंग लावलं. अठराव्या मिनिटाला तुमचे संचालक काकाजी बोलतात, "मले हे पटून नाही राहिलं. माल आत्ताच नोका विकू." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुढचा विषय. ते वाक्य तुझ्या कागदावर कुठेच नाही.

कंपनी कायदा, 2013 चं कलम 118 उघडून बघ. ठरावाला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकाचं नाव इतिवृत्तात यायलाच हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही सवयीने 'सर्वानुमते' लिहून टाकलं होतं. पुढे कर्ज बुडालं. ज्या म्हाताऱ्या संचालकाने त्या कर्जाला नाही म्हटलं होतं, त्याच्याजवळ ते दाखवायला एक ओळ नव्हती. माझ्यासमोर तो गप्प बसून राहिला. ते मला अजून सलतं.

बैठकीत भावाचा अंदाजही एआयनेच दिला होता ना? मग तेही लिही: अंदाज कोणत्या आकड्यांवर होता, कोणी काय विचारलं, काय उत्तर मिळालं. 2014 मध्ये हाँगकाँगच्या एका गुंतवणूक कंपनीने 'व्हायटल' नावाचा अल्गोरिदम मंडळावर घेतल्याची बातमी गाजली होती. आपल्याकडे कलम 149 नुसार मंडळावर माणसंच बसतात, आणि कलम 166 त्यांना काळजीपूर्वक, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायला सांगतं. मशीनने सांगितलं म्हणून विकलं, हे उत्तर चालत नाही. काकाजींनी त्या दिवशी कलम 166 चंच काम केलं, त्यांना कलम माहीत नसेल तरी.

इतिवृत्त तीस दिवसांत वहीत जायला हवं, म्हणजे वेळ आहे. अध्यक्षांची सही व्हायच्या आधी राळेगावहून काकाजींच्या गावी जा. दुरुस्त केलेला मसुदा त्यांना त्यांच्याच बोलीत वाचून दाखव. शेतात असतील तर धुऱ्यावर बसून वाच. आणि तोवर रेकॉर्डिंग पुसू नकोस.

तुझे,
सर