नवऱ्याच्या एक्सेलमधलं टोकियो

«मावशी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं सहा दिवसांसाठी टोकियोला जातोय. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलीला आईकडे ठेवून दोघंच परदेशी जायची ही पहिलीच वेळ. नवऱ्याने एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता केलाय, रोज सात-आठ ठिकाणं. केरळला असंच झालं होतं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघंही फक्त ड्रायव्हरशी बोलत होतो. मला काही विचारलंच नाही. एकदा विचारलं, तेव्हा मी ‘तुला हवं ते ठरव’ म्हणाले, पण त्याचा अर्थ तसा नसतो ना! मी घरी केक करून विकते. मला तिथली भांड्यांची दुकानं बघायची आहेत, ती तक्त्यात कुठेच नाहीत. जाऊच नये असं वाटायला लागलंय. हो, आणि मी शाकाहारी आहे. – आत्ताच दमलेली, नाशिक»

अगं दमलेल्या मुली,

आधी तुझ्याच पत्रातली दोन वाक्यं परत वाच. ‘मला विचारलंच नाही’ आणि त्याला लागूनच ‘एकदा विचारलं’. नवऱ्याला मनातलं ओळखता यावं ही आपली सगळ्यांचीच हौस. माझीही होती, चाळीस वर्षांत फिटली नाही. ‘तुला हवं ते ठरव’ हे त्याने शब्दशः घेतलं आणि बिचारा रात्री जागून तक्ते करत बसला. तेव्हा निम्मा दोष तुझा. उरलेल्या निम्म्याकडे आता वळू.

त्याचा तक्ता मी पाहिला (पत्रासोबत पाठवलास ते बरं केलंस). त्यात स्कायट्री हा मनोरा आहे, टोकियो टॉवर आहे आणि शिबुया भागातली एक उंच गच्चीही आहे. म्हणजे एकच शहर तीनदा वरून बघायचं! स्कायट्री ६३४ मीटर उंच, टोकियो टॉवर ३३३ मीटर. कुठलाही एक ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, फुकट चढता येतं. आणि टोकियोत त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे त्याने धरलेलंच नाही. शिंजुकू ग्योएन ही बाग त्याने संध्याकाळी पाचला टाकलीय. थंडीच्या महिन्यांत ती साडेचारला बंद होते आणि आत सोडणं चारलाच थांबतं. सोमवारी तर सुट्टीच. ही चूक त्याला दाखव, पण ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ या सुरात नको. केरळची सुरुवात तशीच झाली असणार.

आता तुझी भांडी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आसाकुसाला सेन्सोजी देवळात आहात, ‘४५ मिनिटं’. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की कप्पाबाशी लागतं. हा आख्खा रस्ताच हॉटेलवाल्यांच्या सामानाचा: सुऱ्या, केकचे साचे, चिनीमातीचे वाडगे. हॉटेलांच्या काचेमागे मांडतात ते प्लॅस्टिकचे खोटे पदार्थही तिथेच मिळतात. तुला चार तास लागतील, त्याला चाळीस मिनिटांत कंटाळा येईल. मग त्याला तिथे नेतेस कशाला? देऊळ दोघांनी बघा. मग तो जाईल स्कायट्रीला, जो नदीपलीकडे समोरच दिसतो, आणि तू जा साच्यांकडे. रविवारी मात्र जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास शटरं खाली येतात, तेव्हा दुपारीच आटप.

वेगळं फिरलो म्हणजे बिनसलं, असं आपल्याकडे अजून वाटतं. सासूबाईंना फोटोत दोघं दिसायला हवेत, हेही असतं. पण सहा दिवस चोवीस तास एकमेकांसोबत राहायची सवय तुम्हाला आहे कुठे? घरी तो सकाळी नऊला जातो आणि रात्री आठला येतो. टोकियोत आगगाड्या वेळेवर येतात, फलक इंग्रजीतही असतात. दोन दुपारी वेगळं फिरायला त्याहून सोयीचं शहर शोधून सापडणार नाही.

फक्त भेटायचं कुठे ते नीट ठरवा. आम्ही दोघं एका मोठ्या स्टेशनात नुसतं ‘बाहेर भेटू’ म्हणून वेगळे झालो होतो. बाहेर पडायचे रस्ते किती आहेत ते नंतर कळलं. सव्वा तास मी एका दाराशी, हे दुसऱ्या दाराशी, आणि दोघंही खात्रीने बरोबर! शिबुयाला सगळे हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी भेटतात. मेलेल्या मालकाची त्याने वर्षानुवर्षं स्टेशनवर वाट पाहिली, म्हणून त्याचा पुतळा. पण तिथे इतकी गर्दी असते की नवरा समोर उभा असला तरी दिसायचा नाही. तेव्हा हॉटेलची लॉबी बरी. नाहीतर दाराचं नाव आणि वेळ दोन्ही कागदावर लिहून घ्या.

एक दुपार पूर्ण कोरी ठेवायला सांग. नुसतं ‘कोरी’ म्हणू नकोस, त्याला भीती वाटेल. चौकटीत ‘यानाका’ लिहू दे. १९२३चा भूकंप आणि दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब या दोन्हींतून बऱ्यापैकी वाचलेला हा जुना भाग: अरुंद गल्ल्या, देवळं, छोटी दुकानं. निप्पोरी स्टेशनला उतरायचं. तिथे तिकीट नाही की रांग नाही, त्यामुळे उशीर होण्यासारखंही काही नाही. युयाके दानदान नावाच्या पायऱ्यांवर चारच्या सुमारास जाऊन निवांत थांबा.

आणि खाणं! तू शाकाहारी आहेस असं शेवटच्या ओळीत सहज लिहिलंयस. ते पहिल्या ओळीत हवं होतं. तिथलं मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) दिसायला साधं, पण त्याच्या पाण्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. उपाशीपोटी तुम्ही दोघं काय करता ते केरळने दाखवलंच आहे. चिवडा, ठेपले, दाण्याचे लाडू बरोबर घे, आणि रोजच्या जेवणाची जागा आदल्या रात्री शोधायचं काम त्याला दे. तक्ते करणाऱ्या माणसाला असलं काम मनापासून आवडतं.

आज रात्री त्याच्याशेजारी लॅपटॉपसमोर बस आणि ‘कप्पाबाशी’ स्वतः टाईप कर. त्याने पंधरा मिनिटं दिली तर चौकट ओढून मोठी कर.

सुरी घेतलीस तर मोठ्या बॅगेत टाक, केबिनच्या नको.

– मावशी