सायकल हात राखून चालव

तुझ्या पहिल्या आयर्नमॅनचा, म्हणजे एकाच दिवशी सलग पोहणं, सायकल आणि मॅरेथॉन अशा शर्यतीचा, तक्ता पाहिला. पोहणं १ तास २० मिनिटं, सायकल ६ तास, मॅरेथॉन ४ तास १५ मिनिटं. बेरीज ११ तास ३५ मिनिटं. आणि खाली प्रश्न : "काका, ११ च्या आत यायला कार्बनची चाकं घेऊ की पोहण्याचा कोच लावू?" अगं, या बेरजेत पाण्यातून बाहेर येऊन हेल्मेट घालायलाही एक मिनिट धरलेलं नाहीस. शिवाय तिन्ही आकडे तू ताजीतवानी असतानाचे. ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल मारलेल्या पायांना ६ मिनिटांत किलोमीटर पळायला सांगतेयस, तेही पहिल्याच खेपेला.

मेहनतीबद्दल मी काही बोलणार नाही. पहाटे उठणारी मुलगी आहेस, तिथे तुला कुणी ढकलायची गरज नाही. गरज आहे ती मागे ओढण्याची. म्हणून एकच सांगतो आणि पत्रभर तेच सांगणार आहे : सायकल हात राखून चालव.

आधी कटऑफचं, म्हणजे शर्यतीच्या वेळमर्यादेचं, गणित कर, म्हणजे भीती जाईल. अशा बहुतेक पूर्ण अंतराच्या शर्यतींत पोहायला सुमारे २ तास २० मिनिटं आणि एकूण १६ ते १७ तास मिळतात. तुझ्या शर्यतीचे नेमके आकडे नियमपुस्तिकेत बघ. पोहणं दीड तास, पहिला बदल (पोहण्यातून सायकलवर) १० मिनिटं, सायकल ७ तास, दुसरा बदल (सायकलवरून धावण्याला) ८ मिनिटं धर. झाले ८ तास ४८ मिनिटं. आता अख्खी मॅरेथॉन झपझप चालत, १० मिनिटांना किलोमीटरनं काढलीस तरी ७ तासांच्या थोडं वर लागतात. म्हणजे १५ तास ५० मिनिटं. एक पाऊलही न धावता तू वेळेत आहेस. मग घाई कुणासाठी?

सायकलवर ताशी २६ ऐवजी ३० किलोमीटर गेलीस तर ५५ मिनिटं वाचतात, हे खरं. पण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. म्हणजे त्या ४ किलोमीटरच्या वाढीला हवेपोटी दीडपटीहून जास्त वॅट मोजावे लागतात. आणि पुढे धावताना ७ मिनिटांचा किलोमीटर ९ मिनिटांवर गेला, तर ३० किलोमीटरमध्ये पूर्ण एक तास जातो. कमावलेली ५५ मिनिटं गेलीच, वर ५ मिनिटं पदरची. हा सौदा कुणी समजून-उमजून करेल का?

तुझी एफटीपी, म्हणजे तासभर जेमतेम टिकणारी ताकद, २०० वॅट आहे असं लिहिलंयस. पहिल्या शर्यतीला त्याच्या ६५ टक्के, १३० वॅट. चढावर १६५ च्या वर जायचं नाही, उतारावर पायडल सोडून आराम. पहिले ४० किलोमीटर १३० वॅट इतके हलके वाटतील की वॅट दाखवणारा मीटर बिघडलाय असं वाटेल. बिघडलेला नसतो. पाण्यातून आल्यावर हृदयाचे ठोके तसेही चढलेले असतात, ते बसायला वीसएक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लोक सपासप पुढे जातील. जाऊ दे. त्यातले बरेच तुला मॅरेथॉनच्या २५ व्या किलोमीटरला चालताना भेटतील. मीटर बंद पडला तर कसोटी सोपी आहे : पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. समोरून वारा आला की वेग पडू दे, वॅट वाढवू नकोस. पडलेला वेग बघून चिडणं, ही बहुतेकांच्या फसण्याची सुरुवात असते.

चाकं घेऊ नकोस. हवेचा बराचसा अडथळा तुझ्या अंगाचा असतो, चाकांचा त्यात वाटा लहान. आधी फिटिंग, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून घे, आणि एअरोबारवर (पुढे वाकून कोपर टेकायचे दांडे) निदान चार तास मान-पाठ न आखडता राहता येतंय का ते पाहा. राहता येत नसेल तर बार थोडे वर घे. दर दहा मिनिटांनी उठून बसावं लागत असेल तर बार खाली असून उपयोग काय?

आता खाणं. तक्त्यात यासाठी रकानाच नाही, यावर मला खरंच राग आला. १३० वॅटनं ७ तास म्हणजे सुमारे ३,३०० किलोज्यूल काम. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच कामात उतरवत असल्यामुळे किलोकॅलरीचा आकडाही जवळपास तोच येतो. साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, धरून चाल २,००० किलोकॅलरी, आणि त्यातून तुला मॅरेथॉनही काढायचीय. म्हणून सायकलवर ताशी ७० ग्रॅम कार्बोहायड्रेट, सात तासांत ४९० ग्रॅम. नुसतं ग्लुकोज आतड्याला ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषता येतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेनं जातं, म्हणून मिश्रण हवं. पहिली पंधरा मिनिटं फक्त पाण्याचे घोट, मग घड्याळात दर १५ मिनिटांनी गजर लावून थोडंथोडं. भूक लागायची वाट बघायची नाही.

जेल (पुडीतली घट्ट साखर) घेतलंस की साधं पाणी. जेलवर गोड पेय ओतलंस तर पोटात इतकं दाट पाणी साचतं की ते पुढे सरकत नाही, डुचमळत राहतं आणि शेवटी उलटून पडतं. त्यात जोर जास्त लावलास की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला उरत नाही. लोक जेलला शिव्या देतात. दोष अनेकदा वॅटचा असतो! पुन्हा तेच : हात राखून.

आतड्यालाही सराव लागतो. लांब राइडला ताशी ४० ग्रॅमपासून सुरू कर, दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढव. शर्यतीत जे खाणार तेच, त्याच चवीचं. मीठ विसरू नकोस : पेयाच्या लिटरमागे ५०० ते १,००० मिलिग्रॅम सोडियम, घामाचे पांढरे डाग कपड्यांवर उमटत असतील तर वरच्या बाजूचा आकडा. आणि नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरतं. वजन वाढलंय, बोटं सुजलीत, डोकं जड झालंय, तर पिणं थांबव आणि वैद्यकीय तंबू गाठ.

पोहण्याबद्दल थोडक्यात. कोच लावलास तर मिळून दहा मिनिटं वाचतील; त्यापेक्षा उघड्या पाण्यात, तळ्यात नाहीतर समुद्रात, जा. दर सहा ते आठ हातांनी मान जराशी उचलून खूण बघ, नाहीतर ३.८ चे ४.२ कधी होतात कळत नाही. छाती भरून आली तर उताणी हो, श्वास पूर्ण सोड, गरज पडली तर कयाकला, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीला, धर. धरून पुढे सरकली नाहीस तर बहुतेक ठिकाणी ते नियमात बसतं. गॉगल दोन ने.

पंक्चरचा सराव मात्र आजपासून. मागच्या चाकाचाच. चेन सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आण, चाक काढ, ट्यूब ओढून काढ, आणि नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव. काटा तिथेच असतो. हे न करणारे दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही घालवतात. दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन लिव्हर, हवा भरायची गॅसची नळकांडी आणि शिवाय छोटा पंप. नळकांडं घाईत वाया जातंच.

तुला वाटेल, काका भित्रेपणा शिकवतायत. वाटू दे. हे मला पुष्कळांनी ऐकवलंय, आणि माझं मत तसूभर हललेलं नाही. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिल्या आयर्नमॅनला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. धावताना त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, त्यांनी त्याला बिअर दिली. मागून गॉर्डन हॅलर आला आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. सायकलवरचा पुढचा नंबर किती टिकतो ते त्या पहिल्याच शर्यतीनं दाखवलं होतं.

धावायला निघालीस की पाय फसवतील; सायकलवरून उतरल्यावर वेगाचा अंदाज राहत नाही. पहिले १० किलोमीटर ७ मिनिटांच्या आत एकही नको. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी चाल, पहिल्यापासून, दमायच्या आधी. पाणी, मीठ, एक घोट गोड, ऊन असेल तर टोपीत बर्फ, की पुन्हा पळ. ३२ व्या किलोमीटरनंतर अंगात काही उरलं असेल तर खुशाल उधळ, तिथे मी अडवणार नाही.

अंतिम रेषेनंतर लगेच बसू नकोस. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब पडतो आणि चक्कर येते. पाच-दहा मिनिटं रेंगाळत चाल, काहीतरी खारट खा, मग आडवी हो.