टोले देणारी जुनी खिशातली घड्याळं इतकी महाग का असतात आणि घ्यावीत का?

तुम्ही विचारलंय की एका विक्रेत्याकडे सव्वाशे वर्षं जुनं, कडेची कळ सरकवली की टोले देणारं खिशातलं घड्याळ बघितलं, किंमत ऐकून मागे फिरलात, तर त्यात एवढं असतं काय आणि घ्यावं का. माझे वडील घड्याळजी होते, त्यांच्या टेबलाशेजारी बसूनच मी मोठा झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते तास, पाव तास आणि मिनिटं असं तिन्ही वाजवत असेल तर ते मिनिट रिपीटर. तास-मिनिट-सेकंद सोडून घड्याळ जे काही जास्तीचं करतं, म्हणजे चंद्रकला, स्टॉपवॉच, लीप वर्ष सांभाळणारं कॅलेंडर, त्या सगळ्याला कॉम्प्लिकेशन म्हणतात, पण माझ्या मते टोल्यांची सर कशालाच नाही. अंधारात दिवा न लावता वेळ कळावी म्हणून हे निघालं. 1687 साली इंग्लंडमध्ये याच्या पेटंटचा वाद थेट राजापर्यंत गेला होता, एडवर्ड बार्लोच्या घड्याळात तासाला एक आणि पाव तासाला दुसरं अशी दोन बटणं होती, घड्याळजी डॅनियल क्वेअरचं एकाच दाबात दोन्ही वाजवायचं, राजा दुसऱ्या जेम्सने क्वेअरच्या बाजूने कौल दिला.

आता घड्याळाला कळतं कसं किती वाजलेत? डायलखाली गोगलगायीच्या शंखासारख्या पायऱ्या काढलेल्या चकत्या असतात. तासाच्या चकतीला 12 पायऱ्या, पाव तासाच्या चकतीला 4, आणि मिनिटाच्या चकतीला चार हात, प्रत्येक हाताला 14 पायऱ्या. तुम्ही कळ सरकवता तेव्हा टोल्यांसाठीची एक वेगळी छोटी स्प्रिंग भरली जाते आणि दात असलेले दांडे त्या चकत्यांवर येऊन टेकतात, दांडा जितका खोल गेला तितके दात हातोडीला लागणार, तितके टोले. घड्याळ काही मोजत नाही हो, फक्त खोली चाचपतं! मला लहानपणी हे कळलं त्या दिवशी रात्री झोप लागली नव्हती.

आणि या पायऱ्या कानशीने हाताने घासून जुळवलेल्या, केसाएवढा फरक पडला तर एक टोला जास्त. आवाजाचंही तेच. आधी घड्याळात चक्क छोटी घंटा बसवायचे, मग 1783 च्या सुमारास पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीने मशीनभोवती गुंडाळलेली पोलादी तार आणली, त्यामुळे घड्याळं पातळ झाली. ती तार बुडाशी जराजरा घासत सूर लावावा लागतो आणि जास्त घासली गेली की परत येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या व्हॅली द जू भागात अशी मशीनं बनायची, पुष्कळदा बनवणाऱ्याचं नावही नसायचं, डायलवर दुकानदाराचं नाव. म्हणून नुसतं नाव बघून किंमत करू नका, मशीन बघा.

मोठ्या नावांचं जग वेगळंच. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन बँकरसाठी पाटेक फिलिप या स्विस कंपनीने बनवून 1933 मध्ये त्याच्या हाती दिलेलं 24 कॉम्प्लिकेशनचं घड्याळ 2014 ला जिनिव्हात लिलावात 2 कोटी 32 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. आपण तिथे नाही, आणि खरं सांगतो, निनावी चांगला रिपीटर कानाला तेवढाच आनंद देतो.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सोन्याचा भाव वाढला की लोक घड्याळाची सोन्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, वितळवायचे आणि मशीन दुसऱ्याच केसमध्ये घालून विकायचे, त्यामुळे मागचं झाकण उघडायला लावा, केसवर आणि मशीनवर नंबर असतील तर ते जुळतात का विचारा, केसला नंतर पाडलेली जास्तीची भोकं आहेत का बघा. पांढऱ्या इनॅमल डायलवर केसासारखी बारीक रेघ असली तर मी घेईन, नव्याने रंगवलेला डायल असेल तर नाही घेणार. पॉलिश करून गुळगुळीत झालेली केस बघून तर जीव तुटतो, नक्षीच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. आमच्याकडे एक असं आलं होतं, आधी कोणीतरी वाळलेल्या तेलावरच नवं तेल सोडून जोरात कळ ओढलेली, एक दात मोडला, तो दात वडिलांनी हाताने घडवला, नऊ दिवस लागले, कारण ह्याचे पार्ट बाजारात मिळतच नाहीत. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च किमतीत आधीच धरा. शंभर वर्षांपुढची वस्तू आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, परदेशात न्यायचा किंवा विकायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

आणि पैसे देण्याआधी एक करा, काटे 12:59 वर आणून (पुढेच फिरवायचे, मागे नाही) कळ पूर्ण टोकापर्यंत सरकवा, अर्ध्यात सोडू नका. तासांचे 12 जाड टोले, पाव तासांचे 3 जोडटोले, उरलेल्या मिनिटांचे 14 बारीक टोले, ओळीने, एका चालीत यायला हवेत. मध्ये अडखळलं, घाई झाली किंवा 13 च आले तर विक्रेत्याला दुरुस्ती करून द्यायला सांगा, नाहीतर भाव खाली आणा. आलं व्यवस्थित, तर मशीनचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.