खोडदच्या दुर्बिणीतून मुलांना ग्रह-तारे दाखवता येतील का? डोळा नेमका कुठे लावतात?

नाही, तिथून डोळ्यांनी काही बघता येत नाही. मुलांना हे घरूनच सांगून न्या, म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही. मी विज्ञान शिकवतो आणि विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, वर्ग घेऊन नारायणगावजवळच्या या जीएमआरटीला (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) जातो. "सर, डोळा कुठं लावायचा?" हा प्रश्न दरवर्षी येतोच.

ही रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारा प्रकाश नव्हे, रेडिओ लहरी ती टिपते. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना गावाशिवारांतून पसरलेल्या.

तबकडीखाली उभं राहून वर बघायला सांगा. तिच्यातून आभाळ दिसतं! पत्रा नाहीच, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे, दोरांवर ताणून बसवलेली. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची आणि इथे टिपायच्या लहरींची लांबी २० सेंटीमीटरपासून दोन मीटरच्या वर. त्यामुळे लहर निसटत नाही, वारा मात्र आरपार जातो. म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. मला आजही तिचं अप्रूप वाटतं.

पण तबकडी लहरी फक्त गोळा करते. तुम्ही विचारलेला 'डोळा' म्हणायचाच तर तो वर, तबकडीवर उभ्या केलेल्या चार पायांच्या टोकाला आहे. तिथल्या फिरत्या ठोकळ्याच्या चार बाजूंना चार प्रकारचे फीड, म्हणजे लहरी पकडणारे अँटेना, बसवलेत. ज्या लहरी हव्यात, ती बाजू तबकडीकडे फिरवायची. तिथून सिग्नल ऑप्टिकल फायबरने मुख्य इमारतीत येतो आणि कोरिलेटर नावाची संगणक यंत्रणा प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी पडताळते. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या! त्यातून जे चित्र तयार होतं, त्यातला बारकावा पंचवीसेक किलोमीटर रुंद एकाच दुर्बिणीने टिपल्यासारखा असतो.

मुलांना मी १९ ऑक्टोबर २०१६ची गोष्ट सांगतो. युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण सिग्नल खोडदने ऐकला आणि उतरण्याच्या जरा आधी तो तुटल्याचंही इथेच कळलं. ही गोष्ट ऐकताना अख्खा वर्ग गप्प होतो.

एवढं नाजूक ऐकायचं तर आजूबाजूला शांतता हवी, म्हणजे माणसांनी तयार केलेल्या रेडिओ लहरींचा गोंगाट नको. पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटर लांब, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली ती त्यासाठीच. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात. सायलेंटवर ठेवून भागत नाही, कारण फोन तसाही रेडिओ लहरींनी टॉवरशी बोलत राहतो. पूर्ण बंद करा.