क्रेटाच्या पुढून खड्ड्यात टकटक आवाज येतो, चारही शॉकअप बदलावे लागतील का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ७२,००० किलोमीटर चालली आहे, खराब रस्त्यावर हळू जाताना पुढे डावीकडून टकटक येते, हायवेला काही जाणवत नाही, आणि गॅरेजवाला चारही शॉकअप बदलायला सांगतोय. इतक्यात बदलू नका. शॉकअप संपला की गाडी स्पीडब्रेकरनंतर डोलत राहते, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं. नुसती टकटक हे त्याचं मुख्य लक्षण नव्हे. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय लिंक रॉडवर आहे.

लिंक रॉड म्हणजे जंपिंग रॉडचं (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूला जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं) टोक स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंगसकट बसवलेल्या पुढच्या शॉकअपला, जोडणारा छोटा दांडा. दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे, असतात. त्यांचा रबरी बूट फाटला की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल आपल्या वाटीत खुळखुळायला लागतो. डावं-उजवं चाक आलटून पालटून वरखाली झालं की आवाज होतो, म्हणूनच तो खडबडीत रस्त्यावर १५-२० च्या वेगाला जास्त ऐकू येतो.

घरच्या घरी एक परीक्षा करा. आधी डिकी रिकामी करा. जॅक, स्टेपनी, पाना सगळं बाहेर, कारण आवाजाची दिशा गाडीत बसून फार फसवते. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. मग काचा खाली करून एका रुंद स्पीडब्रेकरवरून दोनदा जा: एकदा सरळ, एकदा तिरकं. सरळ जाताना दोन्ही चाकं एकदम उचलली जातात आणि जंपिंग रॉडला पीळ पडत नाही. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना टकटक, तर लिंक रॉड किंवा जंपिंग रॉडचे बुश (त्याला धरून ठेवणारे रबर). दोन्ही वेळा आवाज आला तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि त्याचा बॉल जॉइंट बघावे लागतील.

आता खालून बघणं. लिंक रॉड दोन्ही चाकं जमिनीवर असताना हाताने हलवून बघा, पिटवर किंवा रॅम्पवर. एकच चाक जॅकवर उचललं तर जंपिंग रॉडला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि ढिलेपणा लपतो. इथेच बहुतेक जण चुकतात. शंका राहिली तर दोन्ही लिंक काढा आणि त्याच रस्त्यावर २० च्या आत एक फेरी मारा. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून वेग वाढवू नका. आवाज गेला की दोषी सापडला.

लोअर आर्मच्या बॉल जॉइंटसाठी गाडी घोडीवर (उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडवर) घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी तिथेच थांबवा, कारण तो निसटला की चाक आडवं होतं. लिंक रॉडवर मात्र चार दिवस सांभाळून चालवलं तरी चालतं. डाव्या-उजव्या बाजूला चाक धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघा.

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नट सोडताना बॉलचा स्टड सोबत फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असेल तर तिथे धरून नट फिरवा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. नवा लॉकनट वापरा, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे द्या.

लोअर आर्म किंवा त्याचे बुश बदलायची वेळ आली तर एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: शेवटचं घट्ट करणं चाकं जमिनीवर टेकल्यावर. या बुशमधलं रबर लोखंडाला चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. मग दोष पार्टला दिला जातो.

शॉकअप खरंच गेलेत का, ते गॅरेजवाल्याने तुम्हाला दाखवावं. नुसती ओलसर धूळ चालते. शॉकअपच्या बॉडीवरून तेलाचा ओघळ असेल तर तो गेला. तेव्हाही एका ॲक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, जोडी बदलतात, चारही नव्हे. पुढची जोडी बदलताना माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवीन घाला, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडावं लागतं. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय स्ट्रटचा वरचा मधला नट कुणालाही सोडू देऊ नका, दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. आणि शॉकअपचा चकचकीत रॉड पकडीने धरू देऊ नका. त्यावरचा एक ओरखडा सील कापतो.

लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंट लागत नाही. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला तर त्याच दिवशी करून घ्या.